आतल्या खुर्चीची पेन्सिल

माणूस ओळखायचा तर पेन्सिलीवरून, बोलण्यावरून नव्हे, असं खोडरबरचं ठाम मत होतं. खोडरबर म्हणजे वाद्यवृंदाची स्वरलिपीची पानं सांभाळणारी बाई. भाड्याने आणलेली पानं कार्यक्रमानंतर कोरी करून परत पाठवायची असतात. वीस वर्षं वादकांच्या खुणा खोडता खोडता तिचं खरं नावही त्यात खोडलं गेलं होतं. खूण कुणाची, हे ती एका नजरेत सांगे. पहिला ट्रंपेटवाला कागद फाटेस्तोवर दाबतो, म्हणजे आतून घाबरट. व्हायोलिनमधली एकजण समासात वाणसामानाची यादी करते. तिचं लक्ष घरी. आणि चेलोच्या दुसऱ्या स्टँडवरचा तो, अवघड जागा आली की तिथे पेन्सिलीने छोटासा चष्मा रेखाटायचा, उजवी काच डावीपेक्षा मोठी. चष्म्याचा अर्थ सगळ्या वादकांना ठाऊक: मान वर कर, समोर हाताने ताल देणाऱ्या संचालकांकडे बघ.

तो वारून आठ महिने झाले होते.

पानं ठेवायच्या एका स्टँडमागे दोघं बसतात. प्रेक्षकांच्या बाजूची ती बाहेरची खुर्ची, दुसरी आतली. रीत अशी, की बाहेरच्याने वाजवत राहायचं. पान उलटायचं आणि खुणा करायच्या त्या आतल्याने. बाहेरच्या खुर्चीवर खोडरबरची धाकटी बहीण बसे. एकोणीस वर्षांत तिने ना पान उलटलं, ना पेन्सिल हातात धरली. "माझा मेंदू शेजारच्या खुर्चीवर बसतो," असं हसत सांगायची. मेंदू गेला, खुर्ची रिकामी राहिली, आणि धाकटी चुकायला लागली. कधी पान उशिरा, कधी दोन ओळी गाळलेल्या. शेवटी संचालक स्वतः खोडरबरच्या खोलीत आले.

"बाई, तुमच्या बहिणीला आज शेवटची संधी. एक चूक, आणि पुढच्या महिन्यापासून तिच्या जागी दुसरं कुणी. तिने हे तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं."

कार्यक्रम दुपारी चारचा होता. आधी पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची एकत्र रचना, मग मध्यंतर, मग चार भागांची सिंफनी. सकाळच्या तालमीला खोडरबर नव्हती; कन्चेर्टोच्या सुटलेल्या पानांना चिकटपट्टी लावत बसली होती. दुपारी ती धाकटीच्या खोलीत गेली. टेबलावर चहाचे दोन कप होते, दोन्ही भरलेले.

"किती वाळलीस गं! खातेस की नाही?"

"खाते गं ताई."

"आज सकाळी म्हणे एकही पान चुकलं नाही तुझं. शाबास!"

"मी कुठे उलटली पानं?" धाकटी म्हणाली, आणि सहज गजाला राळ लावू लागली.

खोडरबरने दुसऱ्या भरलेल्या कपाकडे पाहिलं. संचालकांचा निरोप ओठांवरच राहिला.

कन्चेर्टो सुरू झाला तेव्हा ती मंचाच्या बाजूच्या पडद्याआड उभी होती. पियानोचं झाकण उघडं होतं आणि त्याच्या काळ्या चकचकीत पाठीत चेलोवाले दिसत होते. तिने सवयीने मोजले. मंचावर सात गज हलत होते. झाकणात आठ. पुन्हा मोजले. माणूस मोजायला चुकतो. ही बाई चुकत नसे. दुसऱ्या स्टँडवर, झाकणातल्या त्या काळोखात, दोन गज एका श्वासाने वरखाली होत होते.

मध्यंतरात कामगारांनी पियानो ढकलत नेला. तो गेला तशी खोडरबरला जरा हिंमत आली आणि ती सिंफनीची पानं स्टँडांवर ठेवू लागली. ही पानं भाड्याचीच, पण नवीकोरी होती; पाकीट काल तिनेच फोडलं होतं, वापर झाला तो फक्त सकाळच्या तालमीत. चेलोच्या दुसऱ्या स्टँडची तिने उघडली. तिसऱ्या भागात, एका साध्यासुध्या ओळीवर, जिथे वर बघायचं काही कारणच नव्हतं, तिथे चष्मा होता. उजवी काच मोठी. शिसं अजून चमकत होतं.

तिने मनाशी हिशेब मांडला. गेलेल्याला जिवंत माणसाकडून काय हवं असतं? सोबत. आज मान वर कर म्हणतो, उद्या चल म्हणेल. माझी बहीण मी सोडायची नाही.

तिने खिशातून रबर काढलं आणि चष्मा खोडला, कागदावर व्रणही उरू दिला नाही. भुगा फुंकला. तो सगळा उडून आतल्या खुर्चीवर बसला.

सिंफनी सुरू झाली. पडद्याआड तिच्या शेजारी झांजवाला उभा होता. चौथ्या भागात एकदाच झांज मारायची आणि त्यासाठी अर्धा तास ताटकळायचं, हा त्याचा धंदा. तिसरा भाग लागला तसा तो कुजबुजला, "आता बघा मजा. पुढे खड्डा आहे."

"कसला खड्डा?"

"सगळ्यांनी एकदम थांबायचं. चार मात्रा चिडीचूप. छापलेला नाहीये हो, संचालकसाहेबांनी आज सकाळीच खणला. सगळ्यांनी पेन्सिलीने लिहून घेतलाय. जो विसरला तो एकटाच वाजत राहणार, भर सभागृहात!"

"कुठे?"

त्याने आपलं पान पुढे केलं आणि बोट ठेवलं. ओळीवर छापलेला मोजणीचा आकडा तोच. जागा तीच. तिने खोडलेली.

धाकटीकडे पेन्सिल नव्हती. कधीच नसायची. त्या थांब्याची तिच्यासाठी जगात एकच खूण होती, आणि ती आता भुगा झाली होती.

ओरडता येत नव्हतं, मंचावर धावता येत नव्हतं. खोडरबरने स्वतःचा चष्मा काढून पडद्याच्या कडेला हलवला. धाकटीची मान पानात खुपसलेली. ओळ चढत गेली. संचालकांचा हात वर गेला. सगळे गज हवेत उचलले गेले आणि एक खालीच राहिला, तारेवर, पुढच्या स्वरासाठी निघालेला.

तेवढ्यात कुणी कोपराला ढुशी द्यावी तसा धाकटीचा हात झटक्याने वर आला.

शांतता पडली.

पहिल्या मात्रेला कुणी श्वास घेतला नाही. दुसऱ्या मात्रेला आतली खुर्ची करकरली. तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, त्या भरलेल्या सभागृहात, कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. करकर, करकर, जोर देऊन, रागाने.

मग संचालकांचा हात खाली आला आणि सगळी वाद्यं एकदम कोसळली.

टाळ्या संपल्यावर संचालक घाम पुसत पडद्याआड आले. "बाई, जागा राहिली तुमच्या बहिणीची. शांतता काय धरली दुसऱ्या स्टँडने! दोघांनीही..." ते थबकले, मागे वळून मंचाकडे पाहिलं, आणि वाक्य तसंच टाकून भराभर निघून गेले.

मंच रिकामा झाल्यावर खोडरबर पानं गोळा करायला गेली. धाकटी अजून तिथेच होती, चेलो पेटीत ठेवत.

"ताई, खोडलंस होय?"

"मला वाटलं, तुला ओढून नेतोय."

"मला? कुठे?" धाकटी हसली. "अगं, तो मला माझ्या खुर्चीवर बसवून ठेवतोय."

खोडरबरने पान उघडलं. चष्मा पुन्हा तिथेच होता, या वेळी इतका दाबून काढलेला की मागच्या पानावरही उमटला होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: खोडरबरताई, वाचल्याशिवाय खोडू नये.

आतल्या खुर्चीवरचा रबराचा भुगा सपाट झाला होता, कुणीतरी पाऊण तास बसून उठल्यासारखा.

तिने भाड्याच्या पानांसोबत पाठवायचा परतीचा कागद काढला आणि लिहिलं, "चेलो, दुसरा स्टँड: खूण निघत नाही." मग जरा विचार करून पर्समधून नवी पेन्सिल काढली, टोक करून घेतली आणि आतल्या बाजूला स्टँडच्या कडेवर ठेवली. इतक्या जोराने लिहिणाऱ्याचं टोक आत्तापर्यंत बोथट झालंच असणार, आणि ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याला सामान पुरवायला नको?