सहा वीत नळी

आमच्या अप्पांनी दोन गोष्टींना कधी कुणाला हात लावू दिला नाही. एक त्यांची गाडी आणि दुसरी त्यांची चूक. त्या आठवड्यात मी दोन्हींना हात घातला.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बत्तीस वर्षांपूर्वी अप्पांनी ती गंजका सांगाडा म्हणून आणली आणि एकेक नट शोधून उभी केली. त्यांचा एकच कायदा होता. कारखान्याने दिलं नाही ते तिच्या अंगाला लावायचं नाही. या कायद्याबद्दल जुन्या गाड्यांच्या मंडळाने त्यांना एक कप दिला. तो बाहेरच्या खोलीत कपाटावर असतो आणि आईच्या फोटोपेक्षा जास्त वेळा पुसला जातो. दुसरा कायदा बोलून दाखवायची कधी गरज पडली नाही. गाडी अप्पा चालवणार, अप्पांनंतर दादा. मी कपड्यांच्या कारखान्यात एकशे चाळीस शिवणयंत्रं चालू ठेवते, पण या गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातात आलं नव्हतं. तिचा क्लच बाईमाणसाला झेपत नाही म्हणे.

गाडीला दुखणं एकच. सपाट रस्त्यावर ती झकास पळायची. घाट लागला की इंजिनातलं तेल तापायचं, तापलं की पातळ व्हायचं आणि तेलाच्या दाबाची सुई हळूहळू खाली यायची. सहाव्या वळणावर रुंद जागा आहे. तिथे अप्पा थांबायचे, बोनेट उघडून अर्धा तास उभे राहायचे आणि गाडी परत फिरवायचे. दर खेपेला आई शेजारच्या सीटवर रुमाल बांधून बसलेली असायची. "पुढच्या वेळी माथ्यावर जाऊ," असं अप्पा म्हणायचे. चार वर्षांपूर्वी आई गेली. तिने त्या गाडीतून माथा पाहिलाच नाही, आणि याचा मला राग आहे. तो गेलेला नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही केलेला नाही.

यंदा तर सुई तिसऱ्याच वळणावर बसली. अप्पा घाबरले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस घाबरला की दादासारख्या मुलांना कामाला उत्साह येतो. त्याने आठ दिवसांत गिऱ्हाईक शोधलं. घाटमाथ्यावर एक हॉटेल आहे, त्याच्या मालकाला काचेच्या दालनात शोभेला ठेवायला जुनी गाडी हवी होती. रविवारी सकाळी टेम्पोवर चढवून ती वर न्यायची, असं ठरलं.

"शोभेला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे उभी राहील. लोक फोटो काढतील," दादा म्हणाला. "तुझं काय जातंय?"

"तिला चालता येतं."

"अगं, चढावर जीव जातो तिचा. इंजिन बसलं तर भंगारात जाईल. त्यापेक्षा काचेत बरी."

थंड असताना सुई ठणठणीत वर असते, म्हणजे इंजिन झिजलेलं नाही, फक्त तेल तापतंय, हे मी गेली दहा वर्षं सांगत होते. त्यावरचा इलाजही सांगत होते. ऑइल कूलर. तेलासाठी वेगळा छोटा रेडिएटर असतो. एका नळीने गरम तेल त्यात जातं, पातळ पत्र्यांमधून फिरताना वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या नळीने परत इंजिनात येतं. आमच्या गाडीला कारखान्याने तो दिला नव्हता, म्हणून अप्पांच्या लेखी तो जगातच नव्हता.

"वर न्यायचीच आहे ना?" मी म्हटलं. "टेम्पो कशाला? मी कूलर बसवते आणि मीच चालवत नेते. सुई अर्ध्याच्या खाली गेली तर द्या त्या माणसाला. नाही गेली तर गाडी घरी येईल."

दादा हसला. अप्पा हसले नाहीत. "पत्र्याला एक भोक पाडायचं नाही," ते म्हणाले. "आणि सीटची खाच बदलायची नाही. बत्तीस वर्षं एकाच खाचेत आहे ती." मी नापास होणार याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी लगेच हो म्हटलं.

कूलर मी गुरुवारी आणला. इंजिन आणि तेलाचा फिल्टर यांच्यामध्ये बसणारी दोन तोंडांची चकतीही मिळाली. राहिल्या नळ्या. त्या मापाने कापून, तोंडं दाबून तयार कराव्या लागतात. नंतर लांब करता येत नाहीत. मी दोरी घेऊन गाडीच्या पुढ्यात बसले होते. मागे गॅरेजच्या दारात अप्पा खुर्ची टाकून पेपर वाचत होते, निदान पेपर डोळ्यांपुढे धरून होते.

"दोरी कशाला लावतेस?" पेपरामागून आवाज आला. "एक सहा वीत, दुसरी साडेसात. कूलर बंपरच्या खाली येतो. बंपरच्याच बोल्टांवर बसतो, भोक लागत नाही."

अप्पांनी मला आपणहून काही सांगावं, हे माझ्या बावन्न वर्षांत इतक्या कमी वेळा झालंय की मी हुरळून गेले. दोरी टाकली आणि थेट नळीवाल्याकडे गेले. ही माझी चूक. मी ती कबूल करते, कारण घरात कुणीतरी करायला हवी.

"किती सेंटीमीटर?" नळीवाल्याने विचारलं.

आमच्या घरात टेप नाही असं नाही. पण पडदे, फळ्या, पलंग, सगळं कायम वितीने मोजलं गेलं. अप्पा भिंतीला पंजा लावून "चार वीत" म्हणाले की सुतार मुकाट्याने कामाला लागायचा. मी त्या दुकानात नळीवाल्याच्या बाकावर माझा पंजा ताणला आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. तो टेप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. यंत्राच्या सुईचं अंतर मी केसाच्या जाडीने लावते, आणि त्या दिवशी वीत म्हणजे वीत असं समजून मोकळी झाले.

शनिवारी दुपारी कूलर बंपरखाली टांगला, नळ्या ओढल्या, तर पहिली पोचेना. दुसरीही पोचेना. दोन्ही जवळजवळ एक वीत कमी, म्हणजे माझी वीत.

दादा नेमका तेव्हाच आला होता. "शिवणयंत्रात दोरा कमी पडला की गाठ मारता येते," तो म्हणाला. "इथे काय मारणार?"

अप्पा खुर्चीतून उठले. थरथरता हात त्यांनी नळीवर ठेवला, अंगठा ते करंगळी, पुन्हा अंगठा ते करंगळी. पाच वेळा, आणि वर थोडी उरली. मग त्यांनी माझा पंजा धरून आपल्या पंजाला लावला. माझी करंगळी त्यांच्या करंगळीपेक्षा पेराभर आत राहिली.

"माझ्या वितीने सांगितलं होतं मी," ते म्हणाले.

आणि मग मला उशिरा का होईना, सुचलं. गाडीकडे न बघता, पेपरामागून, सहा आणि साडेसात. "अप्पा, तुम्ही कधी मोजलं होतं?"

त्यांनी माझा पंजा सोडला. दादाने हसणं थांबवलं.

"कधी मोजलं?"

"आणली त्याच्या दुसऱ्या वर्षी," ते म्हणाले. "सगळं ठरलं होतं. मग मंडळाने कळवलं की कपासाठी गाडी बघायला येणार. बाहेरची वस्तू दिसली असती तर कप गेला असता."

"म्हणजे इलाज माहीत होता."

"माहीत होता."

"आई सत्तावीस वर्षं त्या सहाव्या वळणावर अर्धा अर्धा तास उभी राहिली. एका कपासाठी."

मी ओरडले नाही. ओरडायची गरज नव्हती, गॅरेज लहान आहे. अप्पा गाडीकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"जाऊ दे आता," दादा म्हणाला. "नळीवाला सोमवारी उघडणार. उद्या टेम्पो येतोय."

"येऊ दे. रिकामा जाईल."

"नळ्या पोचत नाहीत."

"तुमच्या जागेपर्यंत पोचत नाहीत," मी म्हटलं.

मी बंपरखालून कूलर काढला. पुढची जाळी उतरवली आणि नळ्यांची टोकं हातात धरून बघत गेले, कुठवर येतात ते. रेडिएटरच्या पुढे, वरच्या बाजूला, दोन हॉर्न शेजारी शेजारी होते. तिथवर दोन्ही नळ्या आरामात येत होत्या, वळणही सैल राहत होतं. हॉर्नच्याच बोल्टांखाली दोन पट्ट्या घेतल्या, त्यांच्यावर कूलर, तोंडं वरच्या अंगाला, म्हणजे आत हवा अडकणार नाही. पत्र्याला भोक एकही नाही.

"रेडिएटरच्या तोंडावर बसवतेस," अप्पा म्हणाले. "पाणी तापेल."

"निम्मा रेडिएटर मोकळा आहे. तापलं तर थोडं तापेल."

"खाली जास्त वारा लागतो."

"आणि दगडही. अप्पा, इथेच बसणार तो."

ते पुन्हा खुर्चीत बसले, पण पेपर उचलला नाही. मी फिल्टर काढला. "जुनी रबराची रिंग इंजिनाला चिकटून राहते," ते म्हणाले. "तिच्यावर नवी बसली तर सगळं तेल बाहेर." मी बोट फिरवलं. खरंच चिकटली होती, काळी पडून लोखंडासारखीच दिसत होती. नखाने उचलून मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती खिशात टाकली.

चकती बसली, नळ्या आवळल्या. कूलरमध्ये आधीच तेल भरून घेतलं. प्लगच्या तारा काढून इंजिन पेटू न देता नुसतं फिरवलं, तेलाचा दाब येऊन सुई हलेपर्यंत. नळ्या तेल प्यायल्या, म्हणून वरून आणखी ओतलं. मग तारा लावून इंजिन चालू केलं आणि मी जमिनीवर गाल टेकून खालून बघत राहिले. दहा मिनिटं. एक थेंब पडला नाही. दादा जाताना एवढंच म्हणाला की तो विक्रीचा कागद घेऊन हॉटेलवर थांबेल.

रविवारी सकाळी टेम्पो आला आणि मी त्याला परत पाठवला. अप्पा कोट घालून गाडीशी उभे होते.

"नापास करायचं तर शेजारी बसायला हवं," ते म्हणाले आणि आईच्या जागेवर बसले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पाय क्लचपर्यंत पूर्ण जाईना. बत्तीस वर्षं सगळे म्हणत होते की क्लच जड आहे. क्लच जड नव्हता, लांब होता. मी खालचा दांडा ओढला आणि सीट दोन खाचा पुढे घेतली. कटकन आवाज झाला. अप्पांनी मान वळवली. मी गाडी सुरू केली.

पहिल्या वळणाला सुई वर होती. तिसऱ्याला थोडी उतरली. चढ उभा होता, ऊन पाठीवर होतं, आणि मी गियर खाली घेतला की अप्पांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. पाण्याचा काटा जरा चढला आणि तिथेच थांबला.

"बघ, तापलं," ते म्हणाले.

"थोडं. म्हटलंच होतं."

सहावं वळण आलं. रुंद जागा दिसली. अप्पांचा हात सवयीने दाराच्या मुठीकडे गेला. मी वेग कमी केला नाही. जागा मागे गेली, आणि त्यांनी हात परत मांडीवर ठेवला. त्यापुढचा रस्ता त्यांनी त्या गाडीतून पाहिला नव्हता. नवव्या वळणावर पुढे एक लॉरी रांगत होती, वारा लागेना, आणि सुई अगदी अर्ध्यावर येऊन थरथरायला लागली. अप्पा सुईकडे बघत होते, मी रस्त्याकडे. लॉरीने वाट दिली, मी पाय दाबला, वारा आत शिरला आणि सुई हळूहळू वर सरकली.

माथ्यावर हॉटेलच्या दारात दादा आणि मालक उभे होते. काचेच्या आत लाल गालिचा अंथरला होता.

"तेल काढून टाकलंय ना?" मालकाने विचारलं. "गालिचा नवा आहे."

अप्पा उतरले, त्यांनी बोनेट उघडलं आणि एका नळीला हात लावून झटकन मागे घेतला. मग दुसरीवर ठेवला. तिच्यावर हात राहिला, बराच वेळ राहिला.

"किती उतरली सुई?" दादाने विचारलं.

"अर्ध्यावर आली होती," अप्पा म्हणाले. "खाली नाही गेली." खिशातून रुमाल काढताना त्यांच्या हातात ती जुनी रिंग आली. ती त्यांनी परत खिशात ठेवली. "कागद फाड. गाडी द्यायची नाही."

मालक काहीतरी बोलत होता, दादा त्याला समजावत होता. माथ्यावरून खालचा सगळा रस्ता दिसत होता, सहाव्या वळणाची जागाही, नखाएवढी. आई इथे असायला हवी होती. मी ते मोठ्याने म्हटलं, आणि अप्पांनी मान हलवली.

मग ते गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि हात पुढे केला. "किल्ली दे. उतरताना मी चालवतो."

तोच हात, ज्याच्या वितीने आमच्या घरातली प्रत्येक वस्तू कापली गेली. तो थरथरत होता, पण मी नाही म्हटलं ते तेवढ्यासाठी नव्हे. तो थरथरत नसता तरी नाहीच म्हटलं असतं.

"नाही अप्पा. उतरतानाही मीच. तुम्ही बसा."

त्यांनी हात मागे घेतला. मग फिरले, पलीकडचं दार उघडून आत बसले आणि पट्टा लावला. मी सीट होती तिथेच ठेवली आणि किल्ली फिरवली.