पाळीच्या पायथ्याची शेवाळी

मी शेवाळी बोलतेय. तलावाच्या पाण्यावर तरंगतं आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना घसरून पाडतं, ते शेवाळ मी नव्हे. त्याचं खापर उगाच माझ्या माथी फोडू नका. मी जमिनीवर, दगडावर, झऱ्याच्या तोंडाशी गादीसारखी दाट पसरणारी. सध्या मुक्काम खैरीटोल्याच्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाखाली, जिकडे पाणी नसतं त्या कोरड्या अंगाला. खरं तर तिथं मी नसायला हवं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल.

आधी माझी ओळख. उंची बोटाच्या पेराएवढी. खोड तांबूस, त्यावर दाटीनं बसलेली टोकदार पानं. पान इतकं पातळ की मधली एक शीर सोडली तर पेशींचा एकच थर. रंग फिकट हिरवा, त्यावर पांढुरकी झाक. मला मूळ नाही. तळाशी तपकिरी धागे आहेत, ते फक्त धरून ठेवायला. पाणी वर चढवणाऱ्या नळ्याही माझ्या अंगात नाहीत, मी सगळ्या अंगानं पिते. फूल नाही, बी नाही. माझ्यातल्या नराचं बीज मादीपर्यंत पोहत जातं, म्हणून पाण्याचा पापुद्रा नसेल तर आमच्यात लग्नच लागत नाही. लग्न लागलं की केसाएवढ्या देठावर एक वाटोळं बोंड येतं. ते पिकलं की झाकण उडतं आणि आतली धूळ वाऱ्यावर निघून जाते. ती पडते कुठंही, उगवते मात्र ओलीतच.

जाणकार लोक माझा पत्ता लांबलचक लिहितात. हिमालयाच्या पायथ्याचे झरे, सह्याद्रीतले पाझरते कडे, आणि मधल्या मुलखात जिथं जिथं सावली नि पाणी एकत्र सापडेल तिथं. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वैशाखात माती भाजून निघते, तेव्हा मी ओढ्यांच्या घळीत तेवढी हिरवी उरते. बाकी ठिकाणी वाळते. वाळले म्हणजे मेले असं समजू नका. पाणी मिळालं की घटकाभरात पानं उघडते. पावसाळ्यात तर मी कुठंही दिसते, त्यात काही विशेष नाही. पण पाऊस थांबल्यावरही एखाद्या जागी मी हिरवीच राहिले, तर मात्र थांबा आणि बघा. मला खोटं बोलता येत नाही. मी आहे तिथं पाणी आहे.

माझा जन्म कुरखेड्याच्या अलीकडच्या डोंगरात, एका घळीत झाला. तिथून मला कुंतानं आणलं. कुंता म्हणजे खैरीटोल्याची मासे विकणारी बाई. तिचा नवरा डोमा तलावात जाळं टाकायचा, कुंता मरळ आणि वाघूर टोपलीत घालून कुरखेड्याच्या बाजाराला न्यायची. हे मासे हवेत श्वास घेतात, अंग ओलं राहिलं तर बाजारापर्यंत जिवंत पोचतात. म्हणून टोपलीच्या तळाशी मी, माशांवर मी. उकाड्यात गार ठेवायचं काम माझं, आणि शेपट्यांचे फटके खायचे तेही मीच. तक्रार नाही. कुंताचा हात मऊ होता, मला उपटताना ती कधी सगळी गादी ओरबाडत नसे.

तिच्या सासूपासून एक रीत चालत आली होती. माशांना थंडावा दिलेलं शेवाळ उकिरड्यावर टाकायचं नाही, पाण्याजवळच्या मातीत ठेवायचं. कुंताचं घर तलावाच्या पाळीला लागून, अगदी खाली. बाजारातून आली की ती मला पाळीच्या पायथ्याशी ठेवायची, वरून हातानं हलकं दाबायची आणि घरात जायची. तिथं मी वाळायची. वर्षानुवर्षं वाळायची. कारण पाळीची ती बाजू कोरडी होती, आणि तशीच असायला हवी होती.

मग एका पावसाळ्यात पोळा झाला, पाऊस उघडला, उन्हं कडक पडली आणि मी वाळले नाही.

हे पहिल्यांदा पाहिलं रामाजीनं. रामाजीचं धानाचं शेत पाळीखालीच, थोडं पुढं. बांधावरून जाताना तो थबकला.

"कुंताबाई, इथी शेवाळ काऊन आलं? याच्या आधी कवा पाह्यलं नाई."

कुंता हसली. "माझ्याच टोपलीतलं आहे ते, भाऊ. बाजारातून आली का इथीच ठेवते ना मी."

"असं आहे का," म्हणत रामाजी गेला. त्याचं समाधान झालं. डोमाचंही झालं, आणि गावात ज्यानं ज्यानं विचारलं त्याचंही झालं. कुंता खोटं बोलली नव्हती. मला तिथं ठेवलं तिनंच. पण इतकी वर्षं वाळणारी मी यंदाच कशी हिरवी राहिले, हे ना तिनं स्वतःला विचारलं, ना दुसऱ्या कुणी. माणसांना आयतं उत्तर मिळालं की ती पुढं विचारत नाहीत. मला याचा फार राग येतो.

कुंताला तर आनंदच झाला होता, आणि त्यालाही कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली मंगली नावाची बाई घळीच्या वाटेवर वाघानं नेली होती. तेव्हापासून शेवाळ आणायला जाताना कुंता पावलोपावली मागं वळून बघायची. आता मी तिच्या दाराशीच हिरवीगार. ती रोशनीला म्हणाली, "पाह्य वो, देवच पावला. आता जंगलात जायची गरज नाई." रोशनी तिची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. उठता-बसता तिला धाप लागायची, म्हणून ती दिवसभर पाळीच्या सावलीत, अंगणात खाट टाकून पडलेली असायची. मी तिच्याकडे पाहायची आणि मला धडकी भरायची.

त्या वर्षी परतीचा पाऊस जोराचा झाला. तलाव काठोकाठ भरला. जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं, पण पाण्याबरोबर मासाही जातो. म्हणून मासेमारांनी सांडव्यावर वाळूची पोती रचली आणि वर जाळी बांधली. दरसाल बांधायचे, यंदा पोती जरा जास्त झाली. शेताला पाणी सोडायचं जे दगडी तोंड असतं, त्याला इथं तुडूम म्हणतात. ते डोमाच्या ताब्यात, आणि त्यानं तेही घट्ट बंद ठेवलं होतं. वर्षभराची मिळकत पाण्यात पोहत होती, त्यामुळे मी त्याला फार दोष देत नाही.

इकडे मी पसरत चालले. आधी टोपलीएवढी, मग खाटेएवढी, मग पाळीवर गुडघाभर उंच चढले. पाणी गार होतं आणि स्वच्छ होतं, तोवर मी गप्प होते. एके दिवशी मात्र पाण्याला मातीची चव आली. माझ्या पानांच्या खाचांत बारीक पिवळा गाळ बसू लागला. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर पाळीला निव्वळ घाम आला म्हणायचं. गढूळ यायला लागलं, म्हणजे ती आतून वाहून चालली. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं.

बाजारात एक गिऱ्हाईक कुंताला म्हणालं, "बाई, तुमचा मासा मातकट लागून राह्यला." कुंताला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून ती मला उपटल्यावर आधी धुऊ लागली. मी जीव तोडून गोळा केलेली खूण ती रोज सकाळी मोरीत सोडून द्यायची.

एकदा तिला घाई होती, म्हणून धुवायचं काम रोशनीनं घेतलं. तिनं घमेल्यात पाणी घेतलं, मला त्यात बुचकळलं आणि पाणी तसंच राहू दिलं. तिला वाकून उचलवेना. थोड्या वेळानं घमेल्याच्या तळाशी पिवळा थर बसला. रोशनीनं बोट लावून पाहिलं.

"आई, माती किती चिकट आहे पाह्य. चूल लिपायले चांगली होईन."

कुंता आली. तिनं चिमूटभर माती घेतली, अंगठ्यावर चोळली आणि तिथंच बसली.

ही माती तिच्या ओळखीची होती. ती नवी नवरी असताना पाळीचं मोठं काम निघालं होतं. पाळीच्या मधोमध चर खणून त्यात ही पिवळी चिकण माती भरली होती, पाणी आरपार जाऊ नये म्हणून. ती डोंगराच्या पलीकडून गाड्यांनी आणली होती. गावच्या बायकांनी ती डोक्यावर वाहिली आणि पायांनी तुडवली. महिनाभर कुंताच्या नखांतून तो पिवळा रंग गेला नव्हता. तसली माती गावात दुसरीकडे कुठंच नव्हती.

"हे पाळीच्या पोटातली आहे," ती म्हणाली. "रोशनी, उठ. उठ, माय. शाळेकडे चाल."

शाळा गावाच्या उंच अंगाला. लेकीला घराच्या दारापर्यंत आणून कुंता रस्त्यात ओरडू लागली, तेव्हा समोरून रामाजी आला. त्याच्या हाती रोशनीला देऊन ती पाळीकडे पळाली. डोमा वर जाळं सोडवत बसला होता.

"तुडूम उघडा. सांडव्याची पोती काढा. पाळ फुटून राह्यली."

"काय बोलून राह्यली तू? तुडूम उघडलं त सारा मासा धानात जाईन."

"जाऊ द्या मासा! खाली शेवाळ पाहा, पानी कसं येऊन राह्यलं ते पाहा."

डोमानं तिच्याकडे पाहिलं. "तूच त म्हणत होती, टोपलीतलं आहे म्हणून."

 तिचंच वाक्य होतं, साऱ्या गावाला तिनंच दिलेलं.

तरीही डोमा खाली उतरला, हे त्याचं मोठेपण. तो माझ्यापाशी वाकला, त्यानं मुठीत धरून मला पिळलं आणि तळवा उघडला. तळवा पिवळा झाला होता. त्यानं कुंताला हातानंच 'जा' अशी खूण केली आणि तो तुडुमाकडे धावला. ती खालच्या घरांतल्या माणसांना ओढून काढत गेली. म्हातारी सुकरी उठेना, तिला तिनं पाठीवर घेतलं. रामाजी शाळेतून परतला आणि बाकीच्या घरांत शिरला.

डोमानं तुडूम अर्धं उघडलं होतं. पाटात पाणी धडधडत पडू लागलं, आणि क्षणभर मला वाटलं की वाचलो. मग माझ्याखालची माती हलली. पाळ वरून नाही, मधून फुटली, तुडुमाच्या अगदी शेजारी. माझी गादीच्या गादी उचलली गेली. मी फिरत होते, माझ्याबरोबर खाटा होत्या, छपरांवरचे कवेलू होते, मासे होते. माणूस मात्र एकच होता.

डोमा दुसऱ्या दिवशी रामाजीच्या धानात सापडला. बाकी सगळी माणसं शाळेच्या पडवीत जिवंत होती. रोशनीला तिथंच कळा सुरू झाल्या, तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. नातीला पहिल्यांदा हातात घेताना कुंता रडली नाही. ती नुसती म्हणत होती, "मीच त सांगितलं होतं सगळ्यायले." रामाजी म्हणाला, "बाई, आमी बी त ऐकून घेतलं ना." त्यानं तिचं दुःख काही कमी झालं नाही.

उन्हाळ्यात पाळ पुन्हा बांधली. या खेपेला माती मशीननं आली, मशीननंच दाबली. कुणाच्या पायांनी तुडवलेली नाही, आणि रंगही वेगळा आहे. चांगली आहे की नाही, मला ठाऊक नाही. घरं मात्र पुन्हा खालीच उभी राहिली, दुसरी जागा कुठून आणणार? पाऊस झाला, तलाव भरला.

कुंता आता माझ्यासाठी घळीत जाते. वाघाची भीती आहे तशीच आहे, पण ती जाते. मासे दुसऱ्यांकडून घेऊन विकते. बाजारातून आली की रीतीप्रमाणे मला पाळीच्या पायथ्याशी ठेवते आणि वरून हातानं दाबते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते. मी वाळून तपकिरी झालेली असते, बोटात चुरते. तेव्हा ती मोठा श्वास सोडते. मला घर देणारी बाई आता रोज माझ्या मरणाची वाट पाहते, आणि खरं सांगू, मीही तेच मागते. वाळताना मला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. परवाच्या बाजारानंतर कुंतानं मला इथं ठेवलं, काल मी वाळले, तिनं पाहिलं आणि निश्चिंत झाली. आज ती बघायला यायची नाही. आज तिला मूल गावाला जायचं आहे, नातेवाइकाच्या लग्नाला. ती आत लुगडं नेसतेय.

आणि आज सकाळी माझी पानं उघडली आहेत. दव म्हणाल, तर दव मला वरून भिजवतं. मी खालून भिजलेय.

माहेरी आलेल्या रोशनीची पोर नुकती पाऊल टाकायला शिकली आहे. अंगणातून डुलत डुलत ती माझ्यापर्यंत आली. बसली, हिरवं दिसलं म्हणून हसली आणि मला चिमटीत धरून उपटलं. आता ती मला मुठीत घेऊन घराकडे निघाली आहे.

पोरी, पडू नको. मूठ सोडू नको. आजी दाराशी आली आहे, तिच्या हातात दे. कुंता, हिच्या हातात काय आहे ते बघ. बघ, आणि मी कुठून आले हे या वेळी विचार.