पांढऱ्या दोऱ्यावरचा लाल ठिपका

मी बोलतेय, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली लिंबू पिळणी. मला जबडा आहे, दात मात्र एकही नाही. तरी आयुष्यभर आंबट खाऊन मी ठणठणीत होते.

वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, कानशीने घासलं, दोन वाट्या एका खिळीने जोडल्या, आणि मी झाले. मला मावशींनी घेतलं. मावशी शिवणकाम करतात. घर म्हणजे एकच खोली. एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्यात पायाने चालणारं शिलाई मशीन, मधल्या भिंतीवर मी. जेवणावर अर्धं लिंबू पिळल्याशिवाय मावशींना घास गोड लागत नसे.

मग त्यांचे गुडघे दुखू लागले. शिवायला येणारी गिऱ्हाईकं कापडाबरोबर सल्लाही ठेवून जातात.

"मावशी, आधी आंबट बंद करा. आंबटाने सांधे धरतात."

त्या दिवशी मी खिळ्यावर गेले ती गेलेच. पुढे कुणी म्हणालं, फळांनी सर्दी होते. कुणी म्हणालं, टोमॅटोने खडे होतात. एकीने पालेभाजीही बंद करवली. मावशी भिडस्त. सगळ्यांचं ऐकता ऐकता ताटात उरलं काय, तर पाव, बिस्किटं आणि चहा.

काही महिन्यांत पाय आणखी दुखू लागले. कुठे न आपटताही पोटऱ्यांवर काळेनिळे डाग उठले. बोटाला टोचलेल्या सुईची जखम भरेना. दात घासले की ब्रश लाल. मावशी तो घाईने धुऊन टाकत आणि कुणाला काही सांगत नसत. मी भिंतीवरून बघत होते, पण पिळणीला विचारतं कोण?

एकदा त्यांची धाकटी बहीण आली.

"ताई, पाय बघ तुझे! नुसती वांगी झालीत. मशीन विक आणि माझ्याकडे चल. रविवारी एकजण मशीन बघायला येतोय."

"आणि तुझ्याकडे येऊन करू काय? लसूण सोलू?"

"सोल की! तेवढीच मला मदत."

बहीण हसली. मावशी हसल्या नाहीत. ती गेल्यावर कितीतरी वेळ त्या मशीनवरून हात फिरवत बसल्या होत्या.

शनिवारी जवळच्या दवाखान्यातली नवी डॉक्टरीण आपला पांढरा कोट घेऊन आली. बाह्या आखूड करायच्या होत्या. ती थांबली तेवढ्यात मावशींनी काम उरकलं आणि सवयीने दोरा दातांनी तोडला. दोऱ्याचं टोक लाल झालं. बाहीवरही एक ठिपका पडला.

"अगंबाई! तुमचा कोट! आत्ता धुऊन देते."

"कोट राहू द्या. तोंड उघडा बघू."

तिने हिरड्या बघितल्या, बोट बघितलं, पाय बघितले.

"मोठा आजार आहे ना?" मावशींनी पदराने ओठ पुसले. "खरं सांगा. उद्या मशीन द्यायचंच आहे."

"आधी मला सांगा, काल दिवसभर काय खाल्लंत?"

"सकाळी चहा-पाव. दुपारी पाव-चहा."

"संध्याकाळी?"

"बदल म्हणून बिस्किटं."

"फळ? लिंबू?"

"छे! कडक पथ्य आहे माझं."

"कुणी सांगितलं?"

मावशींनी दोरीवरच्या कपड्यांकडे बोट केलं. "त्या फ्रॉकने, या शर्टाने आणि त्या निळ्या पँटीने."

डॉक्टरीण हसली, मग शेजारी बसली. "रक्त तपासूया. पण हा स्कर्व्ही वाटतोय. क जीवनसत्त्व आपलं शरीर बनवत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. ते मिळालं नाही की हिरड्या, रक्तवाहिन्या, जखमा, सगळ्यांची शिवण उसवते. गोळ्या देते. लिंबू, पेरू, संत्रं, टोमॅटो सुरू करा. गुडघ्यांचं नंतर बघू. आणि मशीन महिनाभर विकू नका."

रविवारी माणूस आला आणि हात हलवत परत गेला. बहीण चिडली. "ताई, असं गिऱ्हाईक परत येणार नाही हं!"

"न येवो बाई," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पेरूचा चावा घेतला.

तपासणीत डॉक्टरणीचं म्हणणं खरं निघालं. आठवड्यात रक्त थांबलं, मग डाग फिकटले. महिन्याने मशीन पुन्हा घरघरू लागलं. गुडघे अजून कुरकुरतात, पण तेवढं चालायचंच.

इतके दिवस टांगून माझी खिळी मात्र गंजली होती. पहिल्याच लिंबाला ती तुटली. मावशींनी मला काजाच्या जाड दोऱ्याने बांधलं. आता मी जरा लंगडते, पण रोज कामावर असते. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून मावशी भांडं खाली उतरवल्यावरच लिंबू पिळतात.

मी काही जादू करत नाही. लिंबाने सगळे रोग पळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझी विनंती एवढीच आहे. दुखणाऱ्या माणसाला पथ्य सांगण्याआधी, तो काल काय जेवला ते विचारा.

आत्ताच मावशींनी एका फ्रॉकची शेवटची शिवण घातली आणि दोरा दातांनी तोडला. टोक उजेडात धरून नीट बघितलं. पांढरंशुभ्र.

त्या उठल्या आहेत. खिळ्याकडे हात येतोय. चला, जेवायची वेळ झाली.