इफ्तारच्या चौकटीत सहेरी

योगीराजच्या छापखान्यात वर्षभर तीनच गोष्टी छापल्या जात. लग्नाच्या पत्रिका, तेराव्याची कार्डं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. पहिल्या दोन्हींत चूक झाली की माणसं भांडायला येत. तिसऱ्यात चूक व्हायला जागाच नसे, कारण फ्लेक्सवर नुसती तोंडं असत आणि ती ज्याची त्याला ओळखू येत.

चौथं काम वर्षातून एकदा यायचं. रमजानचं टाइमटेबल. तळहाताएवढं कार्ड, त्यावर तीस ओळी, पहाटेची सहेरी कधी संपते आणि संध्याकाळचा इफ्तार कधी होतो त्याच्या वेळा, आणि वर दोन चौकटी. एका चौकटीत सहेरीची दुआ, दुसरीत इफ्तारची. दुआ अरबी, पण अक्षरं मराठी, कारण जिंतूरच्या त्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बाया आणि पोरं मराठी शाळेतच शिकलेली होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरात दुआचा अर्थ. त्याच्या खाली ज्यानं कार्डं फुकट वाटली त्या दुकानदाराची जाहिरात.

सतरा वर्षं योगीराज हे काम करत होता आणि कामाची रीत ठरलेली होती. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, मशिदीतून आलेल्या नव्या वेळा टाकायच्या, दुकानाचं नाव बदलायचं, छापायचं. दुआला हात लावायचा नाही. देवाच्या मजकुराला दरवर्षी काय नवीन असणार, असा त्याचा साधा हिशेब होता.

यंदा दिनकरराव आले. दिनकररावांचं कापडाचं दुकान होतं आणि नगरपालिकेत जायची इच्छा होती. दुकानापेक्षा इच्छा जुनी होती. त्यांना जाहिरात खाली नको होती.

"वर घ्या," ते म्हणाले. "मधोमध. फोटो पाहिजे, हात जोडलेला."

"वर दुआ हाय, साहेब."

"दुआ खाली घ्या की. ती कुठं निवडणुकीला उभी हाय?"

मग योगीराजनं चौकटी खाली ओढल्या. सहेरी आणि इफ्तार अशा दोन हिरव्या पट्ट्या आपापल्या जागी बसल्या. मजकूर तेवढा ओढताना डावीकडचा उजवीकडे गेला आणि उजवीकडचा डावीकडे. प्रूफ मोबाईलवर दोघांना पाठवलं. दिनकररावांचं उत्तर आलं, "फोटो उजळ करा." मशिदीच्या हाफिज साहेबांकडून नुसता अंगठा आला. बाराशे कार्डं छापून वाटून झाली. कुणाच्या फ्रिजवर, कुणाच्या कपाटावर, कुणाच्या रिक्षात हँडलजवळ, सगळीकडून दिनकरराव हात जोडून उपाशी माणसांकडे बघू लागले.

अकरा रोजे गेले. कुणी काही बोललं नाही. ज्यांना दुआ पाठ होती ते कार्डात फक्त वेळ बघत होते, आणि जे दुआ कार्डात बघून म्हणत होते त्यांना ती पाठ नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी खैरूनबी छापखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. समोरच्या गल्लीतली बांगडीवाली. योगीराजच्या लग्नात राजेश्रीला हिरवा चुडा हिनंच भरला होता. मागच्या वर्षी बकरीदनंतर तिचा नवरा गेला. पोरगा पप्पू पुण्याकडं कंपनीत टेम्पो चालवायचा. ती एकटीच होती.

"काय करायलास रे योगी?"

"बोला चाची."

"ह्ये कार्ड मोठं करून दे. दुकानाच्या पाटीएवढाली अक्षरं पाहिजेत. सांजच्याला चष्म्यातून बी धुरकट दिसायलंय."

"दोन्ही दुआ?"

"दोन्ही. दिनकररावला ऱ्हाऊ दे. त्यो हाय तेवढाच बरा."

योगीराज हसला आणि फाइल उघडली. खैरूनबी पायरीवर टेकली.

"चाळीस वर्षं पप्पूचे अब्बा मोठ्यानं म्हनायचे, अन् मी नुसतं आमीन म्हनायची," ती म्हणाली. "शिकायची कधी गरजच पडली न्हाई. यंदा पहिल्यांदा माझी मी म्हनायलेय. तुझ्या कार्डावरून. इफ्तारची तर पाठ झाली. दाखवू?"

"दाखवा की."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि शाळेत पाढे म्हणावेत तसं एका दमात म्हटलं, "व बिसौमि गदिन नवैतु मिन शहरि रमजान." मग एक डोळा उघडला. "कशी?"

"लय भारी, चाची."

त्यानं हे म्हटलं आणि तेव्हाच पडद्यावरची मुंगीएवढी अक्षरं झुरळाएवढी झाली. इफ्तारच्या पट्टीखाली अर्थ लिहिला होता, 'रमजानच्या उद्याच्या रोजाची मी नियत केली.' योगीराजनं दुसऱ्या चौकटीत पाहिलं. सहेरीच्या पट्टीखाली होतं, 'हे अल्लाह, तुझ्यासाठी मी रोजा ठेवला आणि तू दिलेल्या अन्नानं तो सोडला.'

पहाटे पाचला कोणी रोजा सोडत नाही, एवढं धर्मज्ञान योगीराजला होतं.

"शाई संपली," तो म्हणाला.

"आं?"

"मशीनची शाई संपली, चाची. संध्याकाळी घरी आणून देतो."

"छापखान्यात शाई न्हाई," खैरूनबी उठत म्हणाली. "उद्या मी म्हनीन माझ्याकडं बांगड्या न्हाईत. चांगलं चाललंय गावाचं."

दुपारी जेवताना त्यानं राजेश्रीला सांगितलं. राजेश्रीची पोळी हातातच राहिली.

"सतरा वर्षं छापायलात तुमी. एकदाबी वाचलं न्हाई?"

"पत्रिका तरी मी कुठं वाचतो?"

"ते दिसायलंय. माझ्या चुलतभावाच्या पत्रिकेत नवरीच्या जागी तिच्या आईचं नाव होतं."

"त्येचं काय आता?"

"काही न्हाई. विहीणबाई खूश होत्या." तिनं ताटात आमटी वाढली. "पन चाचीला सांगा. आजच."

सांगा म्हणणं सोपं होतं. योगीराजला बाराशे कार्डांची फार काळजी नव्हती. ती माणसं धडधाकट होती, आली असती तर भांडून गेली असती. त्याला काळजी होती ती पायरीवरच्या एकट्या म्हातारीची. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं दुआ म्हणत होती, आणि ती शिकायला जगातल्या इतक्या जागा सोडून तिनं याचं कार्ड धरलं होतं. तिचे अकरा रोजे आपण बुडवले, असं त्याच्या मनानं घेतलं. बुडवलेले रोजे परत कसे छापतात हे त्याला माहीत नव्हतं.

दिनकररावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझा फोटो तर बरोबर जागी हाय ना?"

"हाय."

"मग काय अडचण हाय?" दिनकरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर तो मशिदीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हाफिज साहेब बाहेर आले. वय फार तर तीस. चपला शोधत होते. योगीराजनं कार्ड पुढं केलं आणि न्यायालयात कबुली द्यावी तसं सगळं एका वाक्यात सांगून टाकलं.

हाफिज साहेबांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "प्रूफ माझ्याकडं आलं होतं का हो?"

"आलं होतं. तुमी अंगठा दिला."

"मी वेळा तपासल्या," हाफिज साहेब म्हणाले. "कसम से, तीसच्या तीस तपासल्या. दुआ काय, पाठच हाय म्हणून..."

ते पुन्हा चपला शोधू लागले. अपराधी दोन झाल्यामुळं योगीराजला जरा हलकं वाटलं.

"रोजे गेले का हो सगळ्यांचे?"

"छे छे. नियत म्हणजे संकल्प, तो मनात असतो. तोंडानं नाही म्हटली तरी रोजा होतो. अन् उद्याच्या रोजाची नियत आज सूर्य बुडाल्यावर, मगरिबनंतर केली तरी चालते. ते काही चुकीचं नाही." हाफिज साहेब आता रंगात आले. "पहाटेचं जरा विचित्र हाय. पण तू दिलेल्या अन्नावर, असंच म्हटलं ना लोकांनी? मग सहेरीचं अन्न काय दिनकररावनं दिलं का?"

"मग काहीच बिघडलं न्हाई?"

"बिघडलं असतं तर पहिला मी बिघडलो असतो. जुम्म्याच्या नमाजला सगळ्यांपुढं एलान करतो मी. तुमचं नाव घेत नाही, मशीनचं सांगतो."

"अन् खैरूनचाचीला?"

हाफिज साहेबांनी चपलेत पाय घातला. "तिला तुमी सांगा. मला भीती वाटते त्या बाईची."

मगरिबला दहा मिनिटं राहिली असताना योगीराज खैरूनबीच्या दारात पोचला. हातात मोठ्या अक्षरातला कागद होता. चौकटी आता जागेवर होत्या. तिनं सतरंजीवर ताट मांडलं होतं. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांद्याची भजी, तांब्याभर सरबत.

"आली का शाई?"

"चाची, जरा बोलायचं होतं."

"बस. बोल. पन लवकर, मला दुआ म्हनायचीय."

"तेच बोलायचं होतं," योगीराज म्हणाला, आणि सांगितलं. सांगताना तो भज्यांकडं बघत होता. भजी काही बोलत नव्हती.

खैरूनबीनं कागद घेतला, चष्म्यापुढं धरला, मग त्याच्याकडं परत दिला.

"मराठीतून वाच. काय म्हनत होते मी?"

"रमजानच्या उद्याच्या रोजाची मी नियत केली."

"अन् पहाटं?"

"पहाटं तुमी... सोडत होता."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल घाईत गेली.

"पप्पूचे अब्बा असते," ती म्हणाली, "तर पहिल्याच दिशी धरलं असतं. म्हनले असते, खैरून, उलटं कशापायी म्हनायलीस."

योगीराजनं खाली मान घातली. "हाफिज साहेब म्हनले, रोजे गेले न्हाईत. एकबी न्हाई. उद्याची नियत सांजच्याला केली तरी चालते म्हनले."

"त्याला काय कळतंय, लेकरू हाय ते." पण तिचा आवाज सुटा झाला होता. ती विचार करत होती. "थांब, थांब. म्हंजी रोज सांजच्याला खजूर हातात घेऊन मी उद्याचा रोजा धरायलेते?"

"हो."

"तरीच!"

"तरीच काय, चाची?"

"आरं, गुडघे असे ठणकतेत का नमाजला बसता येत न्हाई. पप्पू रोज फोन करायलाय, अम्मी, बस झालं, सोड. अन् खोटं कशाला बोलू, रोज इफ्तारला बसले की मी मनात म्हनायची, ह्यो शेवटचा. उद्या न्हाई धरत. कुनासाठी उठायचं, कुनाला वाढायचं? अन् पहाटं साडेचारला डोळे आपोआप उघडायचे. मी म्हनायची, हे कोन उठवायलंय मला?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मीच सांगून ठेवत होते की! मन म्हनायलंय सोड, अन् तोंड म्हनायलंय धरला. अल्लानं तोंडाचं ऐकलं."

आणि ती हसायला लागली. नवरा गेल्यापासून ती अशी हसलेली योगीराजनं पाहिली नव्हती. चुकीचं काम केल्याबद्दल एवढा आनंद झालेलं गिऱ्हाईकही त्यानं पाहिलं नव्हतं. आपणही हसावं की थांबावं हे ठरेना, म्हणून तो अर्धवट हसला.

अजान झाली.

"वाच," खैरूनबी एकदम सरसावून बसली. "इफ्तारची. मला पाठ न्हाई ना ही. तू पुढं म्हन, मी मागं."

"मी?"

"मग दिनकररावला बोलावू?"

योगीराजनं कागद धरला. छापताना जेवढा मजकूर वाचायचा टाळला होता तेवढा आता मोठ्यानं वाचायचा होता. "अल्लाहुम्मा इन्नी लका सुम्तु..."

"हळू. पळायलास कुठं?"

"अल्लाहुम्मा."

"अल्लाहुम्मा."

"इन्नी लका सुम्तु."

"इन्नी लका सुम्तु."

असं करत, दोनदा अडखळत आणि एकदा ओळ चुकवत ते शेवटपर्यंत गेले. शेवटच्या शब्दावर तिनं मोठ्यानं आमीन म्हटलं, खजूर तोंडात टाकला आणि दुसरा योगीराजच्या तळहातावर ठेवला. त्यानं दुपारी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, हे सांगायची ती वेळ नव्हती.

सरबताचा पेला रिकामा करून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आता ती दुसरी," ती म्हणाली.

"ती पहाटेची हाय, चाची. सहेरीला म्हनायची."

"पहाटं म्हनीन की परत. हाफिजच म्हनला ना, सांजच्याला बी चालते?" खैरूनबीनं डोळे मिटले. "उद्याचा धरायचाय मला. आत्ताच सांगून ठेवते."

आणि कागदाकडं न बघता, एका दमात, एकही अक्षर न चुकता तिनं ती म्हटली.