सत्यभामेचं ताट

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या हातात एक छोटा वजनकाटा आहे. स्वयंपाकघरात पीठ मोजायला ठेवतात तसा, सपाट, आकडे उजळणारा. तुमचं काम एवढंच की घरातला माणूस जेवायला बसला की त्याचं ताट आधी काट्यावर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. सोपं वाटतं ना? मग आता हेही मनात आणा, की ते घर तुमचंच आहे.

उमापूरजवळच्या एका वस्तीवर सुकन्या हेच करत होती. दूरच्या विद्यापीठात ती अन्नधोरण या विषयात एम.ए. करत होती. देशातलं धान्य कुठं साठवायचं, कुणाला किती द्यायचं, ते शेवटी पोटात पोचतं की नाही, याचा तो अभ्यास. प्रबंधासाठी तिला वीस घरांतली ताटं तीन-तीन दिवस तोलायची होती.

हे ऐकून तिचे वडील अर्जुनराव छाती काढून म्हणाले होते, “मग पयलं घर आपलं लिही. लोकायला कळू दे, अर्जुनरावाच्या दारातून कुनी उपाशी जात न्हाई.”

काटा कणगीतल्या ज्वारीचं वजन करणार, असं त्यांना वाटलं असावं.

पहिल्या दिवशी अर्जुनराव आणि सुकन्याचा भाऊ प्रविण ओसरीवर जेवायला बसले. सुकन्याची आई वत्सलाबाई वाढत होत्या. गरम भाकरी, मटकीची उसळ, उकडलेली अंडी, वाटीभर दही. प्रविणची नऊ वर्षांची विजू काट्यावरचा आकडा ओरडून वाचायची.

“अण्णा, नऊशे वीस ग्रॅम!”

“बघा, काट्याला बी घाम फुटला!” अर्जुनराव हसले.

मग आत वत्सलाबाई आणि विजू जेवल्या. सगळ्यांत शेवटी विजूची आई सत्यभामा बसली. तिला पाचवा महिना होता. गेल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या होत्या आणि रक्त फार कमी आहे म्हणून दटावलं होतं. उसळ संपली होती. ताटात अर्धी भाकरी, तिखट आणि भांडं खरवडून निघालेला रस्सा.

“दोनशे दहा,” विजूने वाचलं. या वेळी ती ओरडली नाही.

“असू द्या ताई,” सत्यभामा घाईने म्हणाली. “वाढता वाढता वासानंच पोट भरतं माझं.”

घरातल्या सुनेने शेवटी बसायचं आणि उरलं ते खायचं. त्या घरात हे कुणी कुणाला कधी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी वही उघडली.

“हे काय लिवलंस? सून उपाशी हाय?”

“तसं लिहिलं न्हाई, अण्णा. नुसतं वजन लिहिलंय.”

“दोन वर्साची ज्वारी हाय माह्या कणगीत! अन् तू जगाला दावणार, आमी सुनंला खाऊ घालत न्हाई?”

“कणगीतलं तिच्या ताटात कुठं येतंय?”

“वा! इतकं शिकून काय शिकली, तर भाकरी तोलायला,” प्रविण म्हणाला. “उद्या घोट बी मोजशील आमचे.”

चुलीपासून वत्सलाबाई कडाडल्या, “मी बी उरलंसुरलंच खाल्लं. मेले का?”

“तू न्हाई मेलीस, माय,” सुकन्या म्हणाली. “माह्या आधीचे दोघं गेले. मुठीएवढे जन्मले होते, तूच सांगितलंस.”

आत भांडं आदळलं. त्या दोन लेकरांचा विषय त्या घरात कुणी काढत नसे.

अर्जुनराव उठून उभे राहिले. “ते पान फाड. न्हाईतर उद्या गाडीत बस, अन् पुन्हा ह्या दारात पाय ठेवू नको.”

सुकन्या रात्रभर तळमळली. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना सांगून दुसरं घर घेता आलं असतं. एका पानाचाच तर प्रश्न होता. पण उरलेल्या एकोणीस घरांना ती कोणत्या तोंडाने म्हणणार होती, की तुमचं खरं दाखवा?

तिसऱ्या दिवशी दुपारी अर्जुनराव ओसरीवर पाटावर बसले आणि त्यांनी हुकूम सोडला, “आज आधी सुनंचं ताट लाव काट्यावर. भरून.”

दोन भाकरी, उसळ, अंडं, दही. विजू आनंदाने ओरडली, “सहाशे ऐंशी!”

सुकन्याने आकडा लिहिला. सत्यभामेने भाकरीला हात लावला, तोच वत्सलाबाईंनी दीड भाकरी उचलून टोपल्यात टाकली. मग अंडं उचललं, मग दह्याची वाटी.

“झालं ना लिवून? अंडं प्रविणला लागतं.”

सत्यभामेने हात मागे घेतला. तिला नवल वाटलंच नव्हतं.

सुकन्याने तेच ताट पुन्हा काट्यावर ठेवलं. दोनशे साठ. तोही आकडा तिने पहिल्याच्या शेजारी लिहिला.

“फाडलंस का पान?” ओसरीवरून आवाज आला.

“न्हाई, अण्णा. आज दोन आकडे लिहिलेत. ताट काट्यावर ठेवलं तवाचा, अन् काट्यावरून उतरल्यावरचा.”

“उचल तुझी पिशवी! चालती हो!”

सुकन्याने वही पिशवीत घातली. काटा उचलायला वाकली, तर विजू ताटाशी बसलेली.

विजूने टोपल्यातली दीड भाकरी काढून आईच्या ताटात ठेवली. अंडं ठेवलं. दह्याची वाटी ठेवली. आजी “ए बया!” म्हणेपर्यंत ताट दोन्ही हातांत धरून ती उंबरा ओलांडून ओसरीवर गेलीसुद्धा. रस्सा हिंदकळून तिच्या फ्रॉकवर सांडला.

“विजे, आत जा!” प्रविण ओरडला.

ती गेली नाही. दारात सत्यभामा पदर मुठीत धरून उभी होती. विजूने ताट आजोबांच्या पाटाला टेकवून खाली ठेवलं आणि कोपऱ्यातला रिकामा पाट पायाने ढकलत आणला. पण दोघांना पुरेल एवढी जागा तिथे नव्हती.

“अण्णा, जरा सरका,” ती म्हणाली. “आईला बसायचंय.”