देठाचा पेला

मित्रांनो, एका पायावर उभं राहून आयुष्य काढलेला मी एक जुना काचेचा पेला आहे. गोल पोट, त्याखाली लांब देठ आणि तळाला चपटा पाय. भट्टीच्या धगीत मला फुंकून घडवलं, तेव्हा आपण वाइनसाठी जन्मलो असंच मला वाटलं होतं. पण जहाजावर नोकरी करणाऱ्या दीपेशने आम्हा सहा भावंडांना विकत घेतलं आणि कोकणातल्या मिठबाव गावी आपल्या आईच्या, जानकीच्या हाती दिलं. त्या घरात वाइन कुठली? माझ्या पोटात कोकम सरबत आलं. त्याचा लाल रंग असा खुले, की पाहुणे पिण्याआधी मला उजेडात धरून बघत. मी अगदी फुशारून जाई.

जानकीचा जीव होता आमच्यावर, पण सवय स्टीलच्या पेल्यांची. तिने आम्हाला एकात एक घातलं. दोघे अडकले आणि ओढताना तडकले. तिसऱ्याचा देठ पुसताना पिळला जाऊन मोडला. चौथ्याला मांजराने फळीवरून खाली आणलं. उरलो मी आणि माझा जोडीदार. तिने धसकाच घेतला. "दीपेश येयसर ह्ये दोन तरी ऱ्हवांदेत," म्हणत तिने आम्हाला कपाटात पालथं घातलं. सगळा भार नाजूक काठावर, आणि पोटात कोंडलेली दमट हवा. आम्हाला कुबट वास येऊ लागला.

आंब्याच्या दिवसांत तिने आम्हाला धुऊन पडवीत ठेवलं. तिथे तिचे यजमान, भाई, पेट्या भरत होते. जानकीने आंबा उचलताच ते ओरडले, "देठ सांभाळ गो! मोडलो तर चिकान डाग पडतलो!"

जानकी आमच्याकडे बघतच राहिली. "अगो बाये, ह्येंका पण देठच आसा!"

तिने रिकामी पेटी ओढली, पेंढा अंथरला, पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि आम्हाला अलगद, तोंड वर करून उभं केलं. वर स्वच्छ फडकं घातलं.

"आता आंब्यांसारखी पेल्यांची अढी घालतंस काय?" भाई हसले. हसू देत बापडे! त्या पेटीचे उपकार मी विसरणार नाही.

दीपेश रजेवर आला. जानकीने पेटी उघडली आणि ती ओशाळून म्हणाली, "सहातले दोनच ऱ्हवले रे झिला. पावण्यांका देवक पुरूचे नाय."

"आये, पावण्यांसाठी कोणी आणलेले?" दीपेश म्हणाला. "तुका नि भाईंका आणलंय. तू कधी ह्येतून पिलंस?"

जानकी नेहमी आपल्या पोचे पडलेल्या स्टीलच्या पेल्यातूनच प्यायची. दीपेशने आम्हा दोघांत सरबत ओतलं, आणि मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिचे ओठ माझ्या काठाला लागले. मित्रांनो, मी धन्य झालो.

आम्हाला जरूर जपा. एकात एक घालू नका, पालथं कोंडू नका, पुसताना पिळू नका. पण ज्यांच्यासाठी आम्हाला घरी आणलं, त्यांना तहान लागली की पेटी उघडायला विसरू नका.