पट्ट्या आडव्या की उभ्या

वायर नव्हती.

खोक्यात बाकी सगळं होतं. स्क्रू होते, सात भाषांतलं माहितीपत्रक होतं, आणि सोळाशे वॅटचा दणकट पॉवर सप्लायही होता. जुना सकाळी फट् करून गेला, म्हणून वहिनीने कुणाचा तरी वापरलेला धावत जाऊन आणला, कॉम्प्युटर आडवा पाडून त्यात बसवला, आणि मग लक्षात आलं. भिंतीतली वीज त्याच्यात नेणारी वायर तेवढी नाही.

पाच वाजता एका होऊ घातलेल्या इमारतीची फिल्म बिल्डरला पाठवायची होती. नोकरी सोडल्यावरचं तिचं पहिलं स्वतःचं काम. पाच वाजून एक मिनिट झालं तर काम दुसऱ्याला, असं बिल्डरने हसत हसत सांगितलं होतं. हसत सांगितलं म्हणूनच ती घाबरली होती. फिल्म तयार व्हायला कॉम्प्युटरला पावणेदोन तास हवेत. म्हणजे सव्वातीनच्या आत.

आता सव्वा एक. नाही, एक वीस.

जुनी वायर लावली. शिरेना. प्रिंटरची. शिरेना. मॉनिटरची म्हणजे तीच, फक्त पांढरी. तरी लावून पाहिली.

"ढकला जरा, बसेल," दारातून दीर म्हणाला.

"भावजी, लग्नातल्या सुटात तुम्ही असेच ढकलून बसला होतात. मागची शिवण कुणी घातली?"

वहिनीने दुकानात फोन लावला.

"सोळाशे वॅट? मग जाड वायर," दुकानदार म्हणाला. "आत पट्ट्या कशा आहेत, आडव्या की उभ्या?"

तिने वाकून पाहिलं. तीन पट्ट्या, तिन्ही ताठ.

"उभ्या."

"उभ्या म्हणजे नेहमीचंच तोंड. पाठवा कुणाला तरी."

दीर गेला. वहिनी बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली, रिकाम्या पडद्यावरची धूळ पुसली. मग पुसलेली पुन्हा पुसली.

दोन पाच. दीर आला. वायर बोटाएवढी जाड. तोंड मात्र…

शिरेना.

"दुकानदाराला डोळे नाहीत का?" ती ओरडली.

दीर जमिनीवर बसला, मान वाकडी करून कॉम्प्युटरकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, हा झोपलाय."

"कोण?"

"कॉम्प्युटर. उभा केला की पट्ट्या आडव्या होतात."

वहिनीने कॉम्प्युटर उभा केला. झाल्या आडव्या.

हसावं की रडावं? वेळ दोन्हीला नव्हता. "पळा," एवढंच म्हणाली. दीर पळाला. वय चौतीस, पायात चुलतभावाच्या चपला, पण पळाला.

दोन अठ्ठावन्नला दुसरी वायर आली. तोंड रुंद, खाचा आडव्या. खट्! बसली! वहिनीने दुसरं टोक उचललं, भिंतीकडे वळली आणि थांबली. या टोकाच्याही पिना जाड होत्या. खोलीतल्या एकाही सॉकेटची भोकं एवढी मोठी नव्हती.

"आता कुठे?" दीर धापा टाकत म्हणाला.

ती घरभर फिरली, भिंतींना हात लावत, कपाटामागे डोकावत. अशी भोकं घरात एकाच ठिकाणी निघाली. न्हाणीघराबाहेरच्या बोळात, कपडे धुण्याच्या मशीनमागे.

मशीनचा प्लग उपसला. दोघांनी कॉम्प्युटर उचलून बोळात नेला, मॉनिटर मशीनवर ठेवला, त्याची वायर दुसऱ्या खोलीतून ताणून आणली. बटण. पंखा घुरघुरला. पडद्यावर इमारत आली, खाली आकडा: एक तास सत्तेचाळीस मिनिटं. घड्याळात तीन नऊ.

म्हणजे चार छप्पन्न. चार मिनिटं हातात. वहिनीने ती दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजायला बोटं उघडली, तेवढ्यात सासूबाई चादरींचा ढीग छातीशी धरून बोळात आल्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मशीनवरच्या इमारतीकडे पाहिलं.

"कितवा मजला धुतेयस?"

"आई, पाचपर्यंत कशाला हात लावू नका."

सासूबाईंनी चादरी जमिनीवर टाकल्या आणि त्यांच्यावरच बसल्या. "नाही लावत. पण तूही त्या वायरीपासून पाय लांब घे बघू. मी आल्यापासून सारखा हलवतेयस."